पार्किंग नेमकं कुठे कमी पडतं? रुग्णालयाच्या पुनर्विकासाबद्दल वाचकांचे प्रश्न

चालू रुग्णालयाच्या जागेवरच नवी इमारत उभी करायची असेल, तर वाहनांचं नियोजन कसं करावं, या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत. वाहतूक नियोजन आणि रुग्णालयांची बांधकामं या कामातल्या जाणकारांनी ती लिहिली आहेत. आकडेमोडीतले आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या जागेचे आकडे मोजून तिथे घालावेत.

प्रश्न : आमच्याकडे ३०० खाटा वाढणार आहेत. आराखड्यात ‘इतक्या खाटांमागे एक गाडी’ या हिशेबाने पार्किंग धरलंय. ते पुरेल का? (बांधकाम समितीचे एक सदस्य)

उत्तर : परवानगीसाठी नियमातला आकडा दाखवावाच लागतो, तो दाखवा. पण खरी गरज त्यावरून कळत नाही. खाटेवरचा रुग्ण सहसा स्वतःची गाडी लावून दाखल झालेला नसतो. जागा अडते ती ओपीडीला येणाऱ्यांच्या, भेटीला येणाऱ्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या गाड्यांनी. या तिघांच्या वेळा वेगळ्या आणि थांबण्याची मुदतही वेगळी.

हिशेबाचं मूळ सूत्र सोपं आहे. तासाला येणाऱ्या गाड्यांना सरासरी मुक्कामाच्या तासांनी गुणलं, की एका वेळी उभ्या असणाऱ्या गाड्या मिळतात. रांगांच्या शास्त्रात याला लिटलचा नियम म्हणतात; जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. ओपीडीला तासाला १२० गाड्या येतात आणि प्रत्येक गाडी अडीच तास थांबते असं धरा. म्हणजे ३०० गाड्या उभ्या. शेवटची रिकामी जागा शोधत लोक फेऱ्या मारत राहतात, त्यामुळे ९० टक्के भरलेलं पार्किंग व्यवहारात भरलेलंच असतं. म्हणून ३०० भागिले ०.९, साधारण ३३३ जागा लागतील.

आता या गुणाकारातल्या दुसऱ्या आकड्याकडे बघा. माणूस अडीच तास का थांबतो? डॉक्टरांसमोर तो दहा-पंधरा मिनिटं असतो. उरलेला वेळ केसपेपरची रांग, रक्त द्यायची रांग, अहवालाची वाट आणि औषधाची खिडकी यांत जातो. हा मुक्काम दोन तासांवर आणला, तर तेवढ्याच रुग्णांच्या ३०० ऐवजी २४० गाड्या उभ्या राहतात, आणि ३३३ ऐवजी साधारण २६७ जागा लागतात. वाचलेल्या ६६ जागा बहुमजली पार्किंगमध्ये बांधायच्या, तर रॅम्प, मार्गिका आणि खांब धरून गाडीमागे ३० चौरस मीटरच्या आसपास जागा जाते, म्हणजे एकूण जवळपास २००० चौरस मीटरचं बांधकाम. हे सगळं औषधाच्या दोन खिडक्या वाढवून आणि रुग्णांना अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा ठरवून देऊन वाचण्यासारखं आहे. तेव्हा पार्किंगच्या बैठकीला ओपीडीचे आणि औषध विभागाचे प्रमुख बसलेच पाहिजेत. आर्किटेक्ट आणि वाहतूक सल्लागार या दोघांवर हा प्रश्न सोडून देणं आम्हाला पूर्ण चुकीचं वाटतं.

प्रश्न : मग आजची गरज मोजायची कशी? फाटकावरची नोंदवही आहे, पण तिच्यावर भरवसा वाटत नाही. (प्रशासकीय अधिकारी)

उत्तर : नोंदवहीत येणाऱ्या गाड्या असतात, जाणाऱ्या बहुधा नसतात. त्यामुळे वेगळी मोजणी करा. आठवड्यातला ओपीडीचा सगळ्यात गर्दीचा एक दिवस आणि एक साधा दिवस, असे किमान दोन दिवस घ्या. सणासुदीचा, सुट्टीला लागून आलेला किंवा मुसळधार पावसाचा दिवस टाळा.

पहाटे, सकाळची पाळी यायच्या आधी, आवारात उभी असलेली प्रत्येक गाडी मोजा. ही सुरुवातीची शिल्लक. मग प्रत्येक फाटकावर दोन माणसं बसवा, एक आत येणाऱ्यांसाठी आणि एक बाहेर जाणाऱ्यांसाठी. दर १५ मिनिटांच्या चौकटीत वाहनाचा प्रकार आणि नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे लिहायचे. शिल्लक अधिक आलेल्या वजा गेलेल्या, म्हणजे त्या क्षणी आत असलेल्या गाड्या. येतानाचे आणि जातानाचे नंबर जुळवले, की प्रत्येक गाडीचा मुक्काम निघतो. रात्री भेटीची वेळ संपल्यावर आवारातल्या गाड्या पुन्हा मोजा. कागदावरची शिल्लक आणि हा आकडा यांत पाच-सात गाड्यांचा फरक चालेल. पन्नासाचा असेल, तर एखादं फाटक निसटलंय किंवा कोणीतरी जेवणाच्या सुट्टीत नोंद केलेली नाही. ती मोजणी परत करा, अंदाजाने दुरुस्त करू नका.

सर्वांत जास्त राहून जाणारी गोष्ट म्हणजे बाहेरचे रस्ते. आत जागा मिळत नाही म्हणून शेजारच्या गल्ल्यांत लावलेल्या गाड्याही तुमच्याच आहेत. आवारापासून पाच-सात मिनिटं चालण्याच्या अंतरातल्या रस्त्यांवरच्या गाड्या पहाटे, सकाळी अकराला आणि संध्याकाळी मोजा. पहाटेच्या गाड्या बहुतेक रहिवाशांच्या, अकराला वाढलेल्या बऱ्याचशा रुग्णालयाच्या. हा आकडा वगळून काढलेली गरज नेहमी कमी येते, आणि नवी इमारत सुरू झाल्यावर शेजारी तक्रार घेऊन येतात तेव्हा ते बरोबर असतात.

शिवाय ओपीडीत आणि वॉर्डात थोडी विचारपूस करा : कशाने आलात, सोबत किती जण, गाडी कुठे लावली, बस असती तर आला असता का? चार प्रश्न पुरेत. पाचवा विचारला, की दुखण्यानं बेजार माणूस उत्तर द्यायचं टाळतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

प्रश्न : दुपारी पाळी बदलताना पाऊण तास आवारात गाडी हलवायला जागा नसते, एरवी मात्र जागा रिकाम्या दिसतात. जागा वाढवाव्यात का? (परिचारिका)

उत्तर : लगेच नको. सकाळच्या पाळीच्या २०० आणि दुपारच्या १५० गाड्या असतील, तर रुग्णाचा ताबा देण्याघेण्याच्या वेळेत ३५० गाड्या एकत्र असतात आणि मग आकडा १५० वर येतो. ताबा देणं घाईत उरकता येत नाही, उरकूही नये. पण सगळ्या विभागांची पाळी एकाच घटकेला बदलायला हवी असं नाही. निम्म्या विभागांची वेळ तासाभराने पुढे सरकवली, तर दोन लाटा वेगळ्या होतात. त्याच वेळी भेटीला येणाऱ्यांना आत सोडत असाल, तर ती वेळही तासभर पुढे घ्या. या दोन बदलांनी किती फरक पडतो ते आधी १५ मिनिटांच्या तक्त्यावर मांडून बघा, मगच जागांबद्दल बोला.

कर्मचाऱ्यांच्या जागा हुद्द्यावरून वाटण्याची पद्धत बंद व्हायला हवी. रात्री दहा-अकराला घरी निघणारी परिचारिका, तातडीने बोलावले जाणारे भूलतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक, अपंग कर्मचारी, घरापासून बस नसलेले कर्मचारी यांना आवारात जागा द्या. दिवसा ठरावीक वेळेत काम करणाऱ्या कार्यालयीन मंडळींना बाहेरचं पार्किंग आणि फेरीची बस चालते, मग हुद्दा कितीही मोठा असो.

फेरीच्या बसचा हिशेब मात्र नीट करा, कारण इथे दोन बस घेऊन काम भागेल असं सहज म्हटलं जातं. अर्ध्या तासात २४० जणांना आणायचं आहे आणि बसमध्ये ३० जण बसतात. म्हणजे ८ फेऱ्या, दर पावणेचार मिनिटांना एक. जाऊन-येऊन, चढ-उतार धरून एका फेरीला २४ मिनिटं लागत असतील, तर २४ भागिले ३.७५, म्हणजे ६.४, सात बस हव्यात. दोन बसमध्ये हे लोक आणायला दीड तासाच्या आसपास वेळ जाईल, आणि आठवड्याभरात सगळे पुन्हा स्वतःच्या गाड्या घेऊन येऊ लागतील. सात बस परवडत नसतील, तर पाळ्यांच्या वेळा पसरवा किंवा बाहेरचं पार्किंग चालत येण्याजोग्या अंतरावर घ्या.

प्रश्न : फाटकावरची रांग मुख्य रस्त्यावर जाते. आवारात जागा असूनही असं का होतं? (वाहतूक शाखेतील कर्मचारी)

उत्तर : कारण रांग फाटकाच्या वेगावर ठरते, आतल्या जागांवर नाही. पावती फाडणं, सुट्टे पैसे देणं, ‘कोणत्या विभागात जायचंय?’ हे विचारणं, यात गाडीमागे २० सेकंद गेली, तर एका मार्गिकेतून तासाला १८० गाड्या जातात. तासाला १४४ गाड्या येत असतील, तर वरवर सगळं ठीक दिसतं. फाटक ८० टक्केच व्यग्र आहे. पण गाड्या समान अंतराने येत नाहीत. रांगांच्या साध्या गणितानुसार १०० पैकी ९५ वेळा रांग सामावून घ्यायची, तर १३ गाड्यांची जागा ठेवावी लागते. गाडीमागे साडेसहा मीटर धरले, तर जवळपास ८५ मीटर. तेवढी लांबी फाटक आणि रस्ता यांच्यामध्ये क्वचितच असते.

तेच काम १५ सेकंदांत झालं, तर मार्गिकेची क्षमता २४० होते, फाटक ६० टक्के व्यग्र राहतं आणि ५ गाड्यांची, म्हणजे ३३ मीटर जागा पुरते. पाच सेकंदांचा एवढा फरक पडतो. म्हणून येताना पैसे घेऊच नका. येताना फक्त तिकीट किंवा नंबरप्लेटची आपोआप नोंद, पैसे लिफ्टपाशी किंवा औषधाच्या खिडकीशेजारी, आणि जाताना नुसती तपासणी. विचारपूस करणारा माणूस फाटकावर नको, पोर्चमध्ये हवा. बूम बॅरियर मुख्य रस्त्याच्या कडेपासून शक्य तितका आत घ्या. नकाशावर तो कंपाउंडच्या भिंतीच्या रेषेत काढलेला असेल, तर तिथेच हरकत घ्या. आणि रुग्णवाहिकेच्या वाटेवर कोणताही बॅरियर नको, ‘आपोआप उघडणारा’सुद्धा नको. तो एक दिवस उघडत नाही.

प्रश्न : मुख्य पोर्चमध्ये एका वेळी किती गाड्या थांबतील अशी सोय असावी? (आर्किटेक्ट)

उत्तर : तासाला ६० गाड्या आणि प्रत्येकीला सरासरी ४ मिनिटं, म्हणजे एका वेळी सरासरी ४ गाड्या. बहुतेक आराखडे इथेच थांबतात आणि चार जागा काढतात. पण सरासरी ४ असताना जवळपास तीनपैकी एका वेळी चारपेक्षा जास्त गाड्या एकत्र असतात. आठ जागा ठेवल्या, तर ती वेळ शंभरात दोनदाच येते. एकामागे एक उभ्या राहणाऱ्या गाडीला ७ मीटर धरले, तर ५६ मीटर कडा लागते.

आता ही चार मिनिटं कुठे जातात ते पोर्चमध्ये उभं राहून बघण्यासारखं आहे. गाडी थांबते. मुलगा उतरून व्हीलचेअर शोधायला आत जातो. आई मागच्या सीटवर बसून असते, त्यामुळे गाडी हलवता येत नाही. व्हीलचेअर दुसऱ्या मजल्यावर अडकलेली असते. ती येते, तर तिची एक पायपट्टी गायब. मग आईला उतरवून आत नोंदणीपाशी सोडायचं, आणि परत येईपर्यंत मागे सात गाड्या. यावर उपाय म्हणजे पोर्चमध्येच व्हीलचेअरचा स्टँड, तिथे कायम एक मदतनीस, आणि शेजारी दहा-बारा खुर्च्यांची छताखालची जागा, जिथे रुग्णाला मदतनिसाच्या नजरेखाली बसवून मुलगा निर्धास्तपणे गाडी लावून येऊ शकेल. चाराची दोन मिनिटं झाली, तर आठऐवजी पाच जागा, म्हणजे ५६ ऐवजी ३५ मीटर कडा पुरते.

बाकी तपशील : गाडी थांबते तिथे पायरीसारखी उंच कड नको; जमीन सपाट ठेवून मध्ये खुंट लावा. छत थांबणाऱ्या आणि पुढे जाणाऱ्या दोन्ही मार्गिकांवर घ्या, नाहीतर पावसात सगळे एकाच मार्गिकेत शिरतात. पोर्चमधून पार्किंगकडे जायला आवारातूनच वाट हवी. रस्त्यावर जाऊन पुन्हा फाटकातून यावं लागत असेल, तर प्रत्येक गाडी फाटकावर दोनदा मोजली जाते.

प्रश्न : बांधकाम चार वर्षं चालणार आहे. तेवढा काळ काय करायचं? (वैद्यकीय अधीक्षक)

उत्तर : खोदाईच्या कुंपणात सगळ्यात आधी जातं ते मोकळं पार्किंग, कारण रुग्णालयाच्या आवारात मोकळी जागा तेवढीच असते. नवं पार्किंग मात्र शेवटच्या टप्प्यात ठेवलेलं असतं. मधली वर्षं गरज तीच आणि जागा निम्मी. हा क्रम उलटवा. बहुमजली पार्किंग किंवा बाहेरची भाड्याची जागा आधी सुरू करा, ती महिनाभर वापरात आली की मगच जुन्या पार्किंगला कुंपण घाला. प्रत्येक टप्प्याचा वेगळा नकाशा काढा आणि त्यावर त्या टप्प्यातल्या जागा, फाटकं, चालायची वाट आणि रुग्णवाहिकेची वाट दाखवा. टप्पे पाच असतील, तर नकाशे पाच.

मातीचा हिशेबही आधी करा. ६० बाय ४० मीटरचं तळघर ७ मीटर खोल खणायचं, तर १६,८०० घनमीटर माती. खणल्यावर ती फुगते. २५ टक्के धरले तर २१,००० घनमीटर. खडक लागला तर याहून बरीच जास्त. १४ घनमीटरच्या डंपरने १,५०० खेपा. रोज ६० खेपा झाल्या तरी २५ दिवस, आणि दहा तासांच्या दिवसात दर पाच मिनिटांना एक अवजड गाडी फाटक ओलांडणार, एकदा रिकामी, एकदा भरलेली. स्लॅबच्या दिवशी ३०० घनमीटर काँक्रीटला ६ घनमीटरचे ५० मिक्सर लागतात. त्यांची रांग आवाराबाहेर एखाद्या ठरवलेल्या जागी थांबवा आणि फोनवरून एकेक आत बोलवा. कामाच्या गाड्यांचं फाटक वेगळं हवं. ते अजिबातच शक्य नसेल, तर ओपीडीच्या गर्दीत त्यांना बंदी ठेवा. रात्रभर डंपर चालवण्याचा मोह होतो, पण रुग्ण खिडकीपलीकडे झोपलेले असतात. बाहेर पडताना चाकं धुवायची सोय नसेल, तर चिखल रस्त्यावर येतो आणि पहिल्या पावसात दुचाकी घसरतात.

कुंपण घालण्याआधी या गाड्यांच्या वाटा नकाशावर काढा : द्रवरूप ऑक्सिजनचा टँकर, अग्निशमन दलाची गाडी, जनरेटरच्या डिझेलची गाडी, जैववैद्यकीय कचरा, शववाहिनी, कपडे आणि जेवण. यात ऑक्सिजनचा टँकर विसरला जातो. तो लांब असतो, वळायला मोठी जागा घेतो, टाकीपाशी बराच वेळ थांबून असतो, आणि त्याला टाळून चालत नाही. कुंपणाचा एक खांब दोन मीटर पुढे आला, तर टँकर वळत नाही.

प्रश्न : त्या काळात अपघात विभागाची वाट कशी ठेवावी? (रुग्णवाहिका चालक)

उत्तर : एक मुख्य आणि एक पर्यायी, अशा दोन वाटा प्रत्येक टप्प्यात हव्यात, आणि दोन्ही एकाच चौकावर अवलंबून नसाव्यात. दारापाशी गाडी सरळ आत येऊन सरळ बाहेर जाईल अशी रचना उत्तम. मागे घ्यावीच लागली, तर त्या पट्ट्यात पायी चालणारे नकोत. मागचं दार उघडून स्ट्रेचर ओढायला गाडीमागे तीन-साडेतीन मीटर सपाट, छताखालची जागा लागते. जागांच्या रेषा आखताना नुसती गाडीची लांबी धरली, तर स्ट्रेचर मार्गिकेत येतो. इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांचा धूर इमारतीत ताजी हवा घेणाऱ्या झडपांकडे जातोय का, तेही तपासा. वाट बदलणार असेल, तर रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षाला लेखी कळवा, आणि फलक आदल्या रात्रीच बदलून घ्या.

प्रश्न : जागा कमी आहे म्हणून यांत्रिक पार्किंगचा मनोरा सुचवला आहे. घ्यावा का? (विश्वस्त)

उत्तर : कर्मचाऱ्यांसाठी घ्या, ओपीडीसाठी नको. एक गाडी खाली यायला दोन मिनिटं लागत असतील, तर तासाला तीस गाड्या. दुपारी ओपीडी संपताना चाळीस जण एकदम आले, तर शेवटच्याला ८० मिनिटं थांबावं लागेल, तेही शेजारी उभ्या आजारी माणसाला धरून. पुरवठादाराला एकूण क्षमतेऐवजी तासाला किती गाड्या बाहेर येतात ते विचारा. वीज गेल्यावर जनरेटरवर किती यंत्रं चालतात, आणि एक यंत्र अडकलं तर मागच्या किती गाड्या अडकतात, हेही करारात लिहून घ्या.

प्रश्न : चालायला त्रास होणाऱ्यांसाठी काय करावं? (ज्येष्ठ नागरिक)

उत्तर : राखीव जागा ३.६ मीटर रुंद हवी, म्हणजे दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर लावता येते. दारापासून ३० मीटरच्या आत, उतारावर नाही, आणि तिथून दारापर्यंत रस्ता ओलांडावा लागू नये. चढ १२ मीटरला १ मीटरपेक्षा तीव्र नको. बसथांब्यापासून येणाऱ्या वाटेवर दर ५० मीटरला बाक ठेवा. डायलिसिस आणि केमोथेरपीचे रुग्ण घरी जाताना येतानापेक्षा जास्त थकलेले असतात, म्हणून त्यांच्यासाठी त्या विभागाच्या दाराजवळ थोड्या जागा वेगळ्या ठेवाव्यात आणि वारंवार यावं लागतं म्हणून शुल्कातही सूट द्यावी.

प्रश्न : उद्घाटनाआधी शेवटची तपासणी कशी करावी? (प्रकल्प अभियंता)

उत्तर : खऱ्या गाड्या घेऊन करा. सगळ्या जागांवर कर्मचाऱ्यांच्या गाड्या लावून आवार भरा, आणि मग सगळ्यात लांब टँकर, अग्निशमन दलाची गाडी आणि रुग्णवाहिका एकेक करून फिरवा. एकदा दिवसा, एकदा रात्री दिवे लावून. ज्याने हे आवार कधी पाहिलेलं नाही अशा माणसाला गाडी देऊन ‘क्ष-किरण विभागात जायचंय’ एवढंच सांगा आणि तो कुठे अडखळतो ते टिपा. फलक तिथे कमी आहे. तळघराचा रॅम्प जिथे सुरू होतो आणि संपतो तिथे उतार निम्म्याने सौम्य केलेला नसेल, तर गाडीचं पोट घासतं. ते एका भरलेल्या मोटारीने पाच मिनिटांत कळतं, आणि तेव्हा दुरुस्त करणं अजून शक्य असतं.